छत्तीस तासांच्या स्पर्धा आणि आपला व्यापारी

स्मरणिकेसाठी धान्यबाजारावर काही लिहावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आवक, भाव, बाजार-फी आणि साठ्याच्या मर्यादा यांवर मागील अंकांतून आम्ही पुष्कळ लिहिले आहे. त्याचा उपयोग किती झाला हे वाचक जाणतातच. म्हणून यंदा विषय बदलण्याची मुभा घेत आहो. हा विषय आमच्या अधिकारातला नाही हे प्रथमच कबूल करतो. मॅट्रिकपुढे आमची मजल गेली नाही, आणि संगणकाशी आमचा संबंध जीएसटीची विवरणपत्रे भरण्यापुरता, तोही दिवाणजींच्या मार्फत. तथापि गेल्या वर्षी आमच्याच घरात आणि आमच्याच वखारीत जे घडले, ते पाहून जे मनात आले ते आपल्या बांधवांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमची नात येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यात एका सायंकाळी ती आपल्या पाच सोबत्यांसह रविवार पेठेतील आमच्या पेढीवर आली आणि म्हणाली, "आजोबा, आम्हांला तूर पाहिजे. चांगलीही आणि वाईटही." चांगला माल मागणारे गिऱ्हाईक आम्ही जन्मभर पाहिले, वाईट माल मागणारे हे पहिलेच. चौकशी करता समजले की त्यांच्या महाविद्यालयात 'हॅकॅथॉन' होणार असून त्यात ही मंडळी तुरीची प्रत छायाचित्रावरून ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता तयार करणार आहेत.

हॅकॅथॉन म्हणजे काय हे आमच्या पिढीच्या वाचकांस थोडक्यात सांगावयास हवे. ठरावीक वेळ, बहुधा एक किंवा दोन दिवस, विद्यार्थ्यांचे गट एका छपराखाली बसतात, दिलेल्या किंवा स्वतः निवडलेल्या अडचणीवर संगणकाच्या साहाय्याने तोडगा रचतात, आणि अखेरीस परीक्षकांपुढे तो चालवून दाखवितात. या नावाची एक बैठक १९९९ साली कॅनडातील कॅल्गरी येथे भरली होती, आणि त्यानंतर ही चाल जगभर पसरली. आपल्या देशात केंद्र सरकारने २०१७ पासून 'स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन' सुरू केले. तेथे सरकारी खाती व उद्योग आपापल्या अडचणी मांडतात. सहा जणांचा एक गट, त्यात निदान एक मुलगी असलीच पाहिजे असा दंडक. आणि संगणक-प्रणालीच्या विभागात अंतिम फेरी सलग छत्तीस तास चालते. या शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचण्यासाठी प्रथम ज्याच्या त्याच्या महाविद्यालयात लहान स्पर्धा घेतली जाते. आमच्या नातीची स्पर्धा ती हीच.

मुलांनी आमच्याकडून तीन किलो तूर नेली. घरच्या दिवाणखान्यात पांढरा कागद अंथरून, वर दिवा टांगून, दाण्यांची शेकडो छायाचित्रे काढली. पुढची कृती आम्हांस फार बोधप्रद वाटली. आपण नव्या नोकराला तूर ओळखावयास शिकवितो तेव्हा व्याख्या पाठ करवीत नाही. दाणे हातावर घेऊन सांगतो, हा किडका, हा पोचट, हा फुटका, हा खडा. यंत्रालाही तसेच शिकवावे लागते. प्रत्येक छायाचित्राखाली त्याचे नाव लिहावे लागते, आणि अशी शेकडो उदाहरणे पाहून यंत्र स्वतःच आपला अंदाज बसविते. मग काही छायाचित्रे, जी त्याने पाहिलेली नाहीत, दाखवून त्याची परीक्षा घ्यावयाची. मुलांच्या यंत्राने या परीक्षेत शंभरात नव्वदहून अधिक दाणे बरोबर ओळखले. घरात पेढे वाटले गेले. आम्हीही खाल्ले.

स्पर्धेच्या रात्रीची एक गोष्ट येथे ओघाने सांगतो. भोजनाची व्यवस्था रात्री दहाला होती आणि त्यात कांदा-बटाट्यावाचून एकही पदार्थ नव्हता. आमची नात सूर्यास्तापूर्वी घरचा डबा खाऊन मोकळी झाली होती आणि रात्रभर पाण्यावर बसली. तिच्या गटातील कन्नड, मराठी व कोंकणी बोलणाऱ्या मुलांनी ते पाहून पहाटेपर्यंत स्वतःही काही खाल्ले नाही. सहा जणांचा गट म्हणजे काय, याची आम्हांस पटलेली व्याख्या ही. बाकीच्या व्याख्या महाविद्यालयाच्या पत्रकात छापलेल्या होत्या.

बक्षीस मिळाले नाही. ज्या गटास मिळाले त्याने प्रश्नांची उत्तरे देणारे एक बोलके सहायक यंत्र दाखविले. त्याचा मेंदू परदेशी कंपनीकडून भाड्याने घेतलेला होता. गटाने वर सुंदर पोशाख चढविला होता. आमच्या नातीला परीक्षकांनी विचारले, यातून वर्षाला उत्पन्न किती? तिला सांगता आले नाही. ते साहजिकच होते. पण तुरीचे दाणे कोणत्या उजेडात टिपले, नावे कोणी लिहिली, हे एकाही परीक्षकाने विचारले नाही. घरी येऊन पोर रडली. आम्ही समजूत घालण्याच्या भरीस न पडता एवढेच म्हणालो की, उद्या यंत्र घेऊन वखारीत ये.

दुसऱ्या दिवशी जे घडले ते हसण्यासारखेही होते आणि विचार करण्यासारखेही. वखारीत उजेड पिवळा आणि तिरपा, पोत्याच्या तोंडाशी दाणे एकावर एक चढलेले, वर धूळ. घरी शहाणे ठरलेले यंत्र येथे भांबावले. सुतळीच्या तुकड्याला त्याने किडका दाणा म्हटले, आणि चांगल्या मालास खडा. कारण उघड होते. मुलांनी यंत्राची परीक्षा ज्या तीन किलो तुरीवर घेतली ती त्याच तीन किलोंतली, त्याच कागदावरची, त्याच दिव्याखालची होती. ज्या पोत्यातून नमुना काढला त्याच पोत्याशी नमुना ताडून माल पसंत करावा, त्यातलाच हा प्रकार. यात लबाडी नव्हती, घाई होती.

आमच्या वखारीवर एक मुकादम आहेत. चाळीस वर्षे धान्य हाताळण्यात गेली, अक्षरओळख जेमतेम. त्यांनी मुलांच्या संगणकावरील छायाचित्रे एकामागून एक पाहिली आणि मान हलविली. मुलांनी 'डागी' असे नाव दिलेल्या दाण्यांतले कितीतरी दाणे डागी नव्हतेच. काही जातींच्या तुरीवर मुळातच तपकिरी ठिपके असतात. उलट, 'चांगला' म्हणून नोंदलेल्या एका दाण्यावर टाचणीच्या अग्राएवढे भोक होते आणि आत कीड. यंत्र चुकले नव्हते. त्याला चुकीचे शिकविले गेले होते आणि ते त्याने इमानाने शिकले होते. पुढे मुलांनी आपल्या आराखड्यातले 'ओलावा' हे कलम त्यांना वाचून दाखविले. मुकादमांनी एक दाणा दाताखाली धरला, दुसरा कानाशी नेऊन फोडला, आणि विचारले, "हे तुमच्या फोटोत कुठे दिसते?" सरकारी खरेदीत तुरीला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा आहे, ती मोजावयास वेगळे यंत्र लागते, साध्या छायाचित्राचे ते काम नव्हे. नातीने ते कलम तेथेच खोडले. छत्तीस तासांच्या कोणत्याही स्पर्धेत या खोडण्याला गुण नाहीत.

आमचे म्हणणे येथून सुरू होते. या स्पर्धा वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. वेळेत काम उरकणे, दुसऱ्याचे ऐकणे, अपुऱ्या साधनांत काहीतरी उभे करणे, हे त्यांत मुले शिकतात आणि ते आपल्या पेढीवर वर्षभर बसून शिकतीलच असे नाही. परंतु रविवारी रात्री बक्षीससमारंभ झाला की सोमवारी ते यंत्र कोणाचेच नसते. मुले पुढच्या स्पर्धेची नवी कल्पना शोधू लागतात. प्रमाणपत्रांची चवड वाढते, आणि एकही गोष्ट दुसऱ्या खेपेस पाहिली जात नाही.

दुसऱ्या खेपेचे महत्त्व किती, याचे एक उदाहरण आमच्या नातीनेच आम्हांस सांगितले. २००४ साली अमेरिकेतील संरक्षण संशोधन संस्थेने, जिला डार्पा म्हणतात, चालकाशिवाय धावणाऱ्या मोटारींची शर्यत मोहावे वाळवंटात ठेवली. बक्षीस दहा लाख डॉलर. एकही गाडी शेवटास गेली नाही. सर्वांत पुढे गेलेली कार्नेगी मेलन विद्यापीठाची गाडीही सुमारे १२ किलोमीटरांवर अडकून बसली. बक्षीस कोणासही दिले गेले नाही. आपल्याकडे असे झाले असते तर आयोजकांनी तोंड लपविले असते. तेथे बक्षीस दुप्पट करून पुढच्या वर्षी पुन्हा तीच शर्यत ठेवली. ऑक्टोबर २००५ मध्ये २१२ किलोमीटरांची वाट पाच गाड्यांनी पुरी केली, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाची 'स्टॅनली' सात तासांहून किंचित कमी वेळात पहिली आली. प्रश्न तोच राहिला होता. करणाऱ्यांना मधली दीड वर्षे मिळाली होती.

वेळ दिला म्हणजे सर्व साधते असेही नाही. नेटफ्लिक्स या चित्रपट-कंपनीने २००६ साली जाहीर केले की, प्रेक्षकास कोणता चित्रपट आवडेल याचा आमचा अंदाज जो कोणी दहा टक्क्यांनी सुधारील त्यास दहा लाख डॉलर. तीन वर्षे जगभरचे गट झटले. अखेरीस जे प्रतिस्पर्धी होते तेच एकत्र येऊन मोठे गट झाले, आणि २००९ साली दोन गटांचे गुण अगदी सारखे आले. ज्याचे उत्तर वीस मिनिटे आधी पोहोचले होते त्याला बक्षीस मिळाले. मात्र विजयी ठरलेली ती अवाढव्य रचना कंपनीने पुरी वापरात आणलीच नाही. तिला चालविण्याचा खटाटोप मिळणाऱ्या लाभापेक्षा जास्त होता. आपण व्यापाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. परीक्षेत पहिले येणारे यंत्र आणि दुकानात चालणारे यंत्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि हे दुकानदारावाचून दुसरे कोण सांगणार?

आमचे एक स्नेही म्हणतात, हल्ली मुले स्वतः काही करीतच नाहीत. २०२२ च्या नोव्हेंबरात ते चॅटजीपीटी आले, त्याला विचारतात आणि ते सांगेल तसे लिहितात. हे अर्धे खरे आहे. आमची नातही त्याची मदत घेते आणि लपवीत नाही. आम्ही उमेदवारी केली तेव्हा व्याजाच्या कोष्टकांची छापील पुस्तके आली होती. त्याही वेळी वडीलधारे म्हणत की आता हिशेब बुडाला. हिशेब बुडाला नाही. ज्याला तोंडी अंदाज करता येत होता त्याला कोष्टकातली छपाईची चूक दिसे. ज्याला येत नव्हता तो त्या चुकीनेच व्याज लावून मोकळा होई. तुरीवरचे ठिपके डाग नव्हेत हे त्या बोलक्या यंत्राने आमच्या नातीला सांगितले नव्हते. तिने विचारलेच नव्हते, कारण विचारावयाचे आहे हेच तिला ठाऊक नव्हते.

आता थोडे आपल्याविषयी, आणि हे लिहिताना हात अडखळतो. आपली संस्था दरसाल गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते. शाल, श्रीफळ, पाकीट, छायाचित्र. स्पर्धेत पारितोषिक मिळविणाऱ्यांचाही करते. मग मुलांना जे खरोखर हवे असते, म्हणजे माल, जाणत्या माणसाचा वेळ आणि वखारीतला एक कोपरा, ते आपण का देत नाही? मुलांनी मुकादमांकडून हजारभर दाण्यांची नावे दुरुस्त करून घेतली, त्यानंतर आम्ही तीन ओळखीच्या पेढ्यांवर त्यांना पाठविले. तिन्ही ठिकाणी चहा मिळाला, नमुना मिळाला नाही.

कारण आम्ही जाणतो. तुरीचा नमुना मुठीत घ्यावयाचा, तळहातावर फिरवावयाचा आणि 'डागी आहे' म्हणून भाव खाली आणावयाचा, ही विद्या आपल्यापैकी अनेकांना येते. तरुणपणी आमच्याही हातून हे घडले आहे. एका वर्षी एका शेतकऱ्याचा माल असाच उतरवून घेतला आणि तोच दुसऱ्या दिवशी वरच्या प्रतीत विकला. तो शेतकरी पुन्हा आमच्या पेढीची पायरी चढला नाही. शेतकऱ्याच्या हातातील भ्रमणध्वनीनेच प्रत सांगितली तर ही मूठ उघडी पडेल. म्हणून नमुना मिळत नाही. मुलांच्या यंत्रातल्या चुकांविषयी आपण पोटतिडकीने बोलतो. ते यंत्र बिनचूक झाले तर काय, या भीतीविषयी बोलत नाही.

एका सहव्यापाऱ्याने आम्हांस हसत हसत विचारले, "नातीच्या नादाने दुकान बुडविणार काय?" आमच्या वडिलांच्या तोंडून आम्ही रुमालाखालच्या सौद्याच्या गोष्टी ऐकल्या आहेत. कापडाखाली बोटे धरून भाव ठरावयाचा आणि माल ज्याचा त्यालाच तो समजावयाचा नाही. नियंत्रित बाजार आणि उघडा लिलाव आला तेव्हा जुन्या पेढ्यांनी आकांत केला होता. त्यांतल्या ज्या बुडाल्या त्या उधारीने आणि भाऊबंदकीने बुडाल्या. उघड्या लिलावाने बुडालेली पेढी आमच्या पाहण्यात नाही. पुढे १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने ई-नाम हा बाजार सुरू केला. त्यात बोलीपूर्वी मालाची प्रत तपासून नोंदविण्याची योजना आहे. म्हणजे प्रत उघडपणे सांगण्याचे दिवस येणार की नाही हा प्रश्नच उरलेला नाही. ती सांगणाऱ्या यंत्राला तूर कोणी शिकवावी एवढेच अजून आपल्या हाती आहे. दूरच्या शहरात पांढऱ्या कागदावर शिकलेले यंत्र उद्या आपल्या बाजारात येऊन बसले आणि ठिपक्यांच्या तुरीला डागी म्हणू लागले, तर नुकसान शेतकऱ्याचे होईल तसे आपलेही होईल, आणि तक्रार करावयास समोर माणूसही नसेल.

मुकादमांची गोष्ट मात्र वेगळी आहे. एके दिवशी काम चालू असता ते नातीला म्हणाले, "ताई, हे सगळे त्याला आले म्हणजे मग माझे काय?" नातीला उत्तर सुचले नाही. आमच्यापाशीही नव्हते. यंत्र आले तरी तुम्हांला काढणार नाही, असे आम्ही म्हणालो. परंतु आमच्यामागे पेढीवर बसणारे काय म्हणतील, हे आम्ही कसे सांगावे? त्या महिन्यापासून मुलांना शिकविण्याच्या तासांची त्यांची मजुरी आम्ही वेगळी देऊ लागलो. त्यांच्या डोळ्यांत साठलेली चाळीस वर्षे त्या यंत्रात उतरत आहेत. तो माल फुकट उचलणे आमच्या हिशेबात बसत नाही. ज्या कंपन्या अशी यंत्रे विकतात त्यांनी हा हिशेब कसा मांडला आहे, हे कोणीतरी विचारावयास हवे.

सहा मुलांपैकी तिघे आता उरली आहेत. एकाला परीक्षेने, एकाला नोकरीच्या उमेदवारीने ओढून नेले; एक मुलगी कंटाळली, आणि तसे तिने स्पष्ट सांगितले, जे आम्हांस आवडले. उरलेल्यांनी लाकडी खोके तयार करून त्यात दिवा बसविला आहे. दाणे एका थरात पसरून आत सरकवावयाचे. किडका, फुटका आणि खडा हे तीन प्रकार ते बऱ्यापैकी ओळखते. पोचट दाण्यावर अजून फसते. पावसाळी ढगाळ दिवशी खोक्याच्या फटीतून उजेड आत गेला तर त्याचे उत्तर बदलते. ती फट बुजविण्याचे काम सध्या चालले आहे.

कार्यकारिणीपुढे आम्ही लेखी सूचना ठेवली आहे. सत्काराच्या निधीतून निम्मी रक्कम काढून दरसाल आपल्या व्यापारातील एकच अडचण विद्यार्थ्यांपुढे मांडावी आणि त्यांना दोन दिवसांऐवजी एक संपूर्ण हंगाम द्यावा. परीक्षा बाजाराच्या आवारात, पोत्यांपुढे, शेतकऱ्यांच्या समक्ष व्हावी, आणि यंत्राचे उत्तर दोघांनाही एकाच वेळी दिसावे. ज्या गटाचे यंत्र हरेल, पण का हरले हे जो नीट लिहून देईल, त्यालाही पाकीट मिळावे. यातील शेवटच्या कलमावर एका सभासदांनी हरकत घेतली असून ती पुढील सभेत येईल.

नवी तूर पौषात येऊ लागते. आमच्या वखारीचा उत्तरेकडील कोपरा त्या वेळेपर्यंत रिकामा करून ठेवण्यास मुकादमांना सांगितले आहे. ज्या पेढ्यांस आपला नमुना द्यावयाचा असेल त्यांनी पावशेराची पुडी, वर गावाचे नाव आणि तुरीची जात लिहून, चिटणिसांकडे पोहोचवावी. पेढीचे नाव लिहिले नाही तरी चालेल.